उमेदवार म्हणतो, ‘सरकारला घटनेच्या मर्यादेत ठेवीन’. हे तपासायचं कसं?

विचारणारा तरुण दुसऱ्यांदा मतदान करणार आहे. त्याच्या मतदारसंघातला एक उमेदवार प्रत्येक सभेत सांगतो की बहुमत असलं तरी सरकारला वाटेल ते करता येत नाही, राज्यघटनेनं सरकारचे हात बांधलेले आहेत, आणि मी निवडून आलो तर ती मर्यादा पाळायला लावीन. त्यावर त्याचे दोन प्रश्न आहेत. असं मत मनापासून मानणारा उमेदवार ओळखायचा कसा? आणि लोकांनीच निवडून दिलेल्या सरकारला बंधन हवंच कशाला?

मी एकतीस वर्षं उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे सरकारच्या कृतीला थेट आव्हान देणाऱ्या याचिका, चालवतो आहे, त्यातली बरीचशी वर्षं औरंगाबाद खंडपीठात. सरकार मर्यादा ओलांडतं म्हणजे नेमकं काय करतं, हे मी रोजच्या कागदांत पाहिलं आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो. थोडं लांबेल, पण विषयच तसा आहे.

आधी एक साधी गोष्ट. ‘माझा राज्यघटनेवर विश्वास आहे’ हे वाक्य उमेदवाराबद्दल काहीच सांगत नाही. विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अनुच्छेद १७३ प्रमाणे घटनेशी निष्ठा राखण्याची शपथ घ्यावीच लागते. ती अर्ज भरल्यावर आणि छाननीच्या दिवसाआधी घ्यायची असते. घेतली नाही तर अर्ज बाद होतो. पक्षाची नोंदणी करतानाही पक्षाच्या नियमावलीत घटनेवरची निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे तुमच्या मतपत्रिकेवरच्या सगळ्याच उमेदवारांनी हे आधीच कबूल केलेलं असतं. फरक कुठे पडतो? ती मर्यादा गैरसोयीची होते तेव्हा पडतो. आपल्याच माणसांच्या आड येते, नावडत्या माणसाला वाचवते, स्वतःचं पद जायची वेळ आणते, त्या वेळी माणूस काय करतो ते पाहायचं.

आपल्याकडे दोन उमेदवार असे होऊन गेले की त्यांची या विषयावरची मतं भाषणांत शोधावी लागत नाहीत. ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत सहीनिशी लिहिलेली आहेत. दोघेही न्यायमूर्ती होते, दोघेही राष्ट्रपतिपदासाठी विरोधी पक्षांचे उमेदवार झाले आणि दोघेही पडले. एक कोका सुब्बा राव, १९६७ साली. दुसरे हंसराज खन्ना, १९८२ साली. दोघांचं म्हणणं सारखं नव्हतं, आणि तुमच्या प्रश्नासाठी तो फरकच उपयोगाचा आहे.

सुब्बा रावांची धाटणी त्यांच्या एका अल्पमताच्या निकालात आधीच दिसते. १९६२ च्या खरक सिंग प्रकरणात प्रश्न होता की पुराव्याअभावी सुटलेल्या माणसावर पोलिसांनी पाळत ठेवावी का, रात्री-अपरात्री त्याचं दार वाजवावं का. रात्रीच्या भेटी बहुमतानंही रद्द केल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असं सांगितलं. सुब्बा राव वेगळे निघाले. खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच अविभाज्य भाग आहे, असं त्यांनी लिहिलं. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं तेच मत मान्य केलं, पण त्यासाठी २०१७ साल उजाडावं लागलं. निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यांनी पासपोर्टच्या प्रकरणात निकाल दिला. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि सरकारला कायद्याच्या आधाराशिवाय, मर्जीनं पासपोर्ट नाकारता येत नाही, असं तो निकाल सांगतो. त्याच वर्षी संसदेला पासपोर्ट कायदा करावा लागला.

पण त्यांचं नाव घेतलं जातं ते गोलकनाथमुळे. २७ फेब्रुवारी १९६७, अकरा न्यायाधीश, सहा विरुद्ध पाच. पंजाबातल्या जालंधरच्या एका कुटुंबाची सुमारे पाचशे एकर जमीन कमाल जमीनधारणेच्या कायद्यात अडकली होती. तो कायदा घटनेच्या नवव्या अनुसूचीत टाकून न्यायालयाच्या हाताबाहेर ठेवलेला होता. सुब्बा रावांनी बहुमताच्या वतीनं सांगितलं की संसदेला घटनादुरुस्ती करूनसुद्धा मूलभूत हक्क काढून घेता येणार नाहीत किंवा कमी करता येणार नाहीत. मात्र हा नियम पुढच्या दुरुस्त्यांना लागू राहील, मागच्या तशाच राहतील. त्यामुळे ज्या कुटुंबाच्या नावानं हा निकाल ओळखला जातो, त्याची याचिका फेटाळली गेली.

त्यानंतर दीड महिन्यात, एप्रिलमध्ये, सुब्बा राव सरन्यायाधीशपद सोडून राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. डॉ. झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ मूल्याची मतं पडली, सुब्बा रावांना ३,६३,९७१. विरोधी पक्षांसाठी ही मतं थोडी नव्हती. तरी माझं स्पष्ट मत आहे की त्यांनी हे करायला नको होतं. सरकारविरुद्ध इतका मोठा निकाल द्यायचा आणि त्याच वर्षी विरोधकांचा उमेदवार व्हायचं, यानं निकालाचंच वजन घटतं. त्यांचा हेतू शुद्ध होता असं मानलं तरी घटतं. मर्यादेची भाषा बोलणाऱ्यानं स्वतःच्या पदाचीही मर्यादा सांभाळायला हवी.

आता तुमचा दुसरा प्रश्न. निवडून आलेल्या सरकारला बंधन कशाला, हा प्रश्न हुकूमशहांनीच विचारला असं समजू नका. तो आपल्या कोकणातल्या एका अस्सल लोकशाहीवाद्यानं विचारला होता. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै हे प्रजा समाजवादी पक्षाचे, म्हणजे विरोधी बाकावरचे. स्वातंत्र्यासाठी त्यांनी तुरुंग भोगला होता. गोलकनाथचा निकाल आला आणि त्याच एप्रिलमध्ये त्यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. घटनेचा कोणताही भाग, मूलभूत हक्कांसह, दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करा, असं ते विधेयक म्हणत होतं. त्यांचा मुद्दा सोपा आणि जोरकस होता. लोक सार्वभौम आहेत आणि त्यांची इच्छा संसदेतून बोलते. सहा न्यायाधीशांनी ती कायमची गोठवली, तर जमिनीचं फेरवाटप, कुळांचे हक्क आणि सामाजिक न्याय या सगळ्याला टाळं लागेल.

कुळकायद्याच्या जमिनीवर ज्यांच्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर चढलं, त्या घरांतल्या माणसांना हा युक्तिवाद समजावून सांगावा लागत नाही. मलाही तो पोकळ वाटत नाही. गोलकनाथनं आखलेली मर्यादा त्या काळी सर्वांत आधी कुणाच्या कामी येत होती, तर मोठ्या जमीनदारांच्या. नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये गेले. त्यांचं विधेयक मंजूर झालं नाही, पण त्याचा गाभा त्याच वर्षीच्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत आला. त्यांना ठाऊक नव्हतं की ही मोकळीक पाच वर्षांत कुणाच्या हाती आणि कशासाठी जाणार आहे.

इथे खन्ना येतात.

केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपुढे ६८ दिवस सुनावणी चालली. २४ एप्रिल १९७३ ला निकाल लागला, सात विरुद्ध सहा. सहा न्यायाधीश म्हणत होते की संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा आहेत. सहा म्हणत होते, तशी मर्यादा नाही. मधले एकटे न्यायमूर्ती खन्ना. मालमत्तेचा हक्क घटनेच्या मूलभूत चौकटीत, म्हणजे संसदेला मोडता न येणाऱ्या गाभ्यात, बसत नाही असं त्यांनी मानलं, म्हणजे नाथ पैंची जमीनसुधारणेची काळजी त्यांनी मिटवली. घटनेतल्या मूलभूत हक्कांच्या भागाला हातच लावता येणार नाही, हे गोलकनाथचं मतही त्यांनी स्वीकारलं नाही. पण दुरुस्ती या शब्दातच मूळ वस्तू शिल्लक राहते हे गृहीत आहे, असं ते म्हणाले. घराची डागडुजी करा, खोल्या वाढवा, भिंती हलवा. घर पाडून त्या जागी दुसरंच काही उभं केलं, तर त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही. (घराचा दाखला माझा आहे, तत्त्व त्यांचं.)

हे तत्त्व हवेत राहिलं नाही. वामनराव खटला आपल्या महाराष्ट्राच्या १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यावरून झाला. १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा टिकवला आणि सांगितलं की २४ एप्रिल १९७३ च्या आधी नवव्या अनुसूचीत गेलेले कायदे सुरक्षित, त्यानंतरचे मात्र मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासले जातील. जमीन वाटली गेली आणि सरकारवरची मर्यादाही राहिली. म्हणून मला सुब्बा रावांपेक्षा खन्नांची भूमिका अधिक टिकाऊ वाटते. तुमचा उमेदवार ‘घटनेला हात लावू देणार नाही’ असं म्हणत असेल, तर त्याला विचारा, कशाला हात लावू देणार नाही? आजवर शंभराहून अधिक घटनादुरुस्त्या झाल्या आहेत. जो प्रत्येक बदलाला घटनेवरचा घाला म्हणतो, त्यानं हा विषय नीट समजून घेतलेला नाही.

पण खन्नांची खरी परीक्षा केशवानंदमध्ये झाली नाही. ती २८ एप्रिल १९७६ ला झाली.

आणीबाणी होती. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुच्छेद १४ (समानता), २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतल्या माणसाचं संरक्षण) साठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद केला होता. खटल्याविना डांबता येणाऱ्या ‘मिसा’ कायद्याखाली हजारो लोक स्थानबद्ध होते. मधू दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात होते. नाथ पैंच्या निधनानंतर १९७१ मध्ये राजापूरहून निवडून आलेले खासदार तेच. स्थानबद्धांनी हेबिअस कॉर्पसच्या, म्हणजे ‘आम्हाला बेकायदा डांबलं आहे, सोडा’ असं सांगणाऱ्या, याचिका केल्या. सरकारचं म्हणणं की या याचिका ऐकताच येत नाहीत. नऊ उच्च न्यायालयांनी ते मानलं नाही, त्यात आपलं नागपूर खंडपीठही होतं. सरकार अपिलात गेलं. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावानं ओळखला जातो तो हा खटला.

सुनावणीत खन्नांनी सरकारची बाजू मांडणारे महान्यायवादी नीरेन डे यांना एक प्रश्न विचारला. एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून माणूस मारला, तरी दाद मागता येणार नाही का? डे यांनी उत्तर दिलं की आणीबाणी आहे तोवर, माझ्या युक्तिवादाप्रमाणे, नाही. न्यायालयात पाच न्यायाधीश बसले होते. चौघांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. त्यांत पुढे सरन्यायाधीश झालेले यशवंतराव चंद्रचूडही होते. खन्ना एकटे विरोधात राहिले.

त्यांनी लिहिलेलं कारण या संपूर्ण विषयाचं मर्म आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. सरकारचा युक्तिवाद होता की जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क अनुच्छेद २१ मधून येतो, तो अनुच्छेदच स्थगित आहे, मग हक्क उरला कुठे? खन्ना म्हणाले, अनुच्छेद २१ नसता तरीसुद्धा कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेण्याचा अधिकार राज्याला नाही. कायद्याचं राज्य मानणाऱ्या प्रत्येक समाजात हे आधीपासूनच आहे. दोन्ही भूमिका शेजारी ठेवून पाहा. एका भूमिकेत हक्क म्हणजे घटनेनं दिलेली देणगी, आणि दिलेली वस्तू परत मागता येते. दुसऱ्या भूमिकेत अधिकार सरकारला दिलेला आहे, तोही मोजून, आणि जेवढा दिला त्यापलीकडे सरकारकडे काहीच नाही. कुणी सरकारला मर्यादेत ठेवण्याची भाषा करत असेल, तर मी मनात एवढंच पाहतो की हा माणूस या दोनपैकी कुठे उभा आहे.

निकालाची किंमत काय पडेल हे त्यांना ठाऊक होतं. सरन्यायाधीशपद जाईल, असं त्यांनी घरच्यांना आधीच सांगितलं होतं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्ती बेग यांना ते पद दिलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला. आणीबाणीनंतर, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं घटनेतच लिहिलं. आणि २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालानं जबलपूरचा बहुमताचा निकाल उघडपणे चुकीचा ठरवला.

मधल्या काळात, १२ जुलै १९८२ ला, हेच खन्ना राष्ट्रपतिपदाचे उमेदवार होते. न्यायालय सोडून पाच वर्षं झालेली होती, त्यामुळे सुब्बा रावांवर घेतलेला आक्षेप त्यांच्यावर घेता येत नाही. ग्यानी झैलसिंग यांना ७,५४,११३ मूल्याची मतं मिळाली आणि खन्नांना २,८२,६८५. राष्ट्रपतीला आपण मत देत नाही, आमदार-खासदार देतात. तेव्हा आपल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं. सरकारच्या मर्यादेसाठी सगळ्यात मोठी किंमत मोजलेला माणूस समोर असताना लोकप्रतिनिधींनी पक्षाचं गणित पाहून मतं दिली. मला त्याचं वाईट वाटतं, अजूनही.

आता जवळच्या गोष्टीकडे येतो, कारण तुमचा उमेदवार विधानसभेचा आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका स्थानबद्धाची याचिका चालवली. हातभट्टीच्या धंद्यातला माणूस, एमपीडीए कायद्याखाली आत टाकलेला. या कायद्यानं खटला न चालवता वर्षभरापर्यंत डांबता येतं. त्याला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती आणि ज्या कागदांवर आदेश उभा होता, त्यातले महत्त्वाचे कागद त्याला इंग्रजीतच दिलेले होते. अनुच्छेद २२ सांगतो की स्थानबद्धाला कारणं कळवली पाहिजेत आणि त्याविरुद्ध म्हणणं मांडायची लवकरात लवकर संधी दिली पाहिजे. जे वाचता येत नाही, त्यावर म्हणणं कसं मांडणार? आदेश रद्द झाला. गावातली एक वयस्क बाई मला कोर्टाच्या आवारात भेटली. म्हणाली, “वकीलसाहेब, त्याच्या दारूनं माझा पोरगा गेला, आणि तुम्ही त्याला सोडवलं.” मी तिला समजावायचा प्रयत्न केला की त्याच्यावर खटला भरा, साक्षी आणा, शिक्षा करा, मी आड येणार नाही. तिचं समाधान झालं नाही, आणि ते व्हावं अशी अपेक्षा करायचा मला अधिकारही नव्हता. त्या दिवशी मी जेवलो नाही. तरी तीच याचिका पुन्हा आली तर पुन्हा चालवीन. न वाचता येणाऱ्या कागदावर हातभट्टीवाल्याला आत टाकता आलं, तर त्याच पद्धतीनं मोर्चा काढणाऱ्या शेतकऱ्यालाही टाकता येतं.

म्हणून उमेदवाराला पहिला प्रश्न विचारा तो नावडत्या माणसाबद्दल. ज्याच्याबद्दल त्याच्या सभेतल्या लोकांना राग आहे, अशा आरोपीचं घर सुनावणीशिवाय पाडलं तर तुम्ही काय म्हणाल? सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे की आरोपी आहे एवढ्यावरून घर पाडता येत नाही, आणि नोटीस देऊन निदान पंधरा दिवस थांबावं लागतं. उत्तर देताना तो टाळ्यांकडे पाहतो की अनुच्छेद १४ आणि २१ कडे, ते तुम्हाला लगेच कळेल.

दुसरा प्रश्न वटहुकुमांबद्दल विचारा, कारण ते थेट आमदाराच्या हातातलं काम आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा बिहारचा अभ्यास करत होते. त्यांना आढळलं की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम निघाले आणि ते पुन्हा पुन्हा काढून एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवले गेले. वटहुकूम हा विधिमंडळ चालू नसतानाच्या तातडीसाठी असतो आणि अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत संपतो. इथे तर विधानसभेला बाजूला ठेवून वर्षानुवर्षं राज्यकारभार चालला होता. वाधवांनी स्वतः सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयानं या प्रकाराला घटनेची फसवणूक म्हटलं आणि वाधवांना खर्चापोटी दहा हजार रुपये द्यायला बिहार सरकारला सांगितलं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते बिहारच्या आमदारांचं वागणं. ज्यांचा अधिकार हिरावला जात होता त्यांच्याऐवजी पुण्याच्या एका अभ्यासकाला कोर्टात जावं लागलं. तेव्हा विचारा, तुमच्याच पक्षाचं सरकार असेल आणि तोच वटहुकूम दुसऱ्यांदा निघाला, तर सभागृहात उठून विरोध कराल का?

बहुमतानं सभागृहातसुद्धा काहीही करता येत नाही, हे आपल्या विधानसभेनं अलीकडेच अनुभवलं. ५ जुलै २०२१ ला बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित करण्यात आलं. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो ठराव रद्द केला. चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन टिकत नाही. कारण जागा रिकामी ठरत नाही, म्हणून पोटनिवडणूकही होत नाही, आणि लोकांना मात्र प्रतिनिधी उरत नाही. आज ज्यांचं बहुमत आहे ते उद्या अल्पमतात असतात. नाथ पैंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथेच सापडतं. संसदेतून बोलणारी लोकांची इच्छा खरीच आहे, पण हरलेल्या बाजूचे मतदारही लोकच असतात, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांनी कुणाच्या आधारावर राहायचं?

तुमचा उमेदवार आधी नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य किंवा आमदार राहिला असेल, तर भाषणं बाजूला ठेवा आणि नोंदी काढा. विधानसभेच्या कामकाजाची इतिवृत्तं छापली जातात. नगरपालिकेच्या ठरावांच्या प्रती माहिती अधिकारात मिळतात. सुनावणीशिवाय अतिक्रमण काढायचा ठराव, निविदेशिवाय दिलेलं काम, विरोधी सदस्याला बोलू न देता उरकलेली सभा, अशा वेळी त्याचा हात वर होता की खाली, ते तिथे सापडतं. अर्ज साध्या कागदावर करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि मागितलेल्या ठरावांच्या तारखा नेमक्या लिहा. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, त्यामुळे आचारसंहिता लागायची वाट न पाहता आत्ताच करा.